देवाखालची बोट

जपान्यांची लढाईतली जहाजं हा काय आमच्या घरात बोलायचा विषय होता का? मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. आमचे हे वाशिंदच्या एका कारखान्यात जन्मभर पत्रा कापणारे आणि वेल्डिंग मारणारे. दोघंही मूळचे मुरबाडकडचे, भात-नाचणी खाऊन वाढलेले. समुद्राशी आमचा संबंध सुक्या बोंबलापुरता. पण गेली काही वर्षं शहापूरच्या आमच्या घरात सकाळच्या चहापासून मी त्या जहाजांबद्दलच ऐकत आले. आता कुणी ऐकवत नाही, म्हणून मीच लिहायला बसलेय.

सुरुवात डोळ्यांपासून झाली. हे दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे. ताटाशेजारचा तांब्या दिसायचा नाही, हात लागून लवंडायचा, आणि मी करवादायचे, "अवो, डोळे काय खुंटीला टांगलेत का?" मग एकदा सापगावच्या रस्त्यावर बाजूनं आलेली मोटारसायकल ह्यांना दिसलीच नाही. थोडक्यात वाचले. कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले, तर काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण त्यांनी उगाच गोड बोलून वेळ काढला नाही. कडेची नजर गेलीय, ती आता परत येत नाही. मधली थोडी उरलीय, ती थेंब घालून जेवढी टिकेल तेवढी टिकवायची. "ऑपरेशन?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, करू, पण ते उरलेलं राखायला. गेलेलं आणायला नाही. ऑपरेशन झालं, थेंब सुरू झाले, आणि नजर कमी होत राहिली ती राहिलीच.

कारखाना सुटला. हे दिवसभर फोन नाकाशी धरून लढाईतल्या बोटी बघत बसायचे. मी म्हणायचे, घाला, उरलेली नजरसुद्धा त्या फोनात घाला. असंच एक दिवस हाक आली, "अगो, इकडं ये. ही बोट बग." मला बोटीतलं काय कळणार डोंबल! राखाडी रंगाची, मध्ये एक धुराडं, पुढं-मागं तोफा.

"हिला बाकच नाय," हे म्हणाले. "सगळा सरळ पत्रा. धुराडंसुद्धा गोल नाय केलेलं, सपाट पत्रे जोडलेत. पत्रा वाकवायला टाइमच नव्हता गो त्यांना."

त्या क्षणापासून ह्यांना दुसरं काही सुचेना. खोदून खोदून माहिती काढली. दुसऱ्या महायुद्धात जपानकडे तेल आणि धान्य घेऊन येणारी जहाजं अमेरिकेच्या पाणबुड्या बुडवत होत्या. त्यांच्या सोबतीला चालायला लहान लढाऊ जहाजं हवी होती. पण हे जपान्यांच्या लक्षात आलं तोवर फार उशीर झाला होता. मग मिळेल ते लोखंड घेतलं, बांधणी सोपी केली, बाक काढून टाकले, तुकडे वेगवेगळे तयार करून एकमेकांना जोडले आणि धडाधड जहाजं पाण्यात सोडली. बायका आणि शाळेतली पोरंसुद्धा कामाला लावली होती म्हणे. अशी जहाजं दोन जातींची झाली, डिझेलची इंजिनं पुरेनात म्हणून दुसऱ्या जातीला वाफेची बसवली. आधीच्या जहाजांना बेटांची नावं तरी होती. पुढं पुढं नुसते नंबर, एका जातीला विषम, दुसरीला सम. मी पडले मास्तरीण, मला त्याचाच राग आला. एवढी माणसं घेऊन जाणाऱ्या जहाजाला साधं नावसुद्धा देऊ नये? ह्यांना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. "कारखान्यात मालाला नंबरच असतो," म्हणाले.

"मग राखलं का त्यांनी कुणाला?" मी विचारलं.

"कुठलं गो. राखायला गेली त्यातलीच पुष्कळ बुडाली. उरली त्यांनी लढाई संपल्यावर परमुलखात अडकलेली माणसं घरी आणली. मग कुणाकुणाला वाटून टाकली, नायतर भंगारात गेली."

मी म्हटलं, एवढं अपयशी जहाज कशाला आवडावं माणसाला? दुसऱ्या दिवशी ह्यांनी झेरॉक्सच्या दुकानातून त्या जहाजाची चित्रं मोठी करून आणली आणि भिंतीला चिकटवली. "मी ही बनवणार," म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. "सुईत दोरा जात नाय तुमच्या हातनं, आणि जहाज बनवणार!"

"म्हणून तर," हे म्हणाले. मग मला खाली बसवलं आणि कधी नव्हे ते सगळं नीट सांगितलं. "नजर जायची ती जाणार. डॉक्टरीण काय खोटं बोलली नाय. पण मग मी करू काय दिवसभर? फोन चपटा, टीव्ही चपटा, पेपर चपटा. ही बोट हाताला कळंल. सगळ्या सरळ धारा, सगळे कोपरे. पुढनं मागं हात फिरवला की अख्खी उभी राहील. आंधळ्याला तेवढं तरी पायजे ना गो."

"आणि माझं तोंड? ते नको हाताला?" मी चेष्टेनं विचारलं.

"तुझं तोंड पाठ हाय."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. खोटं कशाला लिहू?

बाजारातल्या मिठाईवाल्याकडून तेलाचे रिकामे डबे आणले, कापले, ठोकून सपाट केले. कुणीही आधी बोटीचं धड बनवेल. ह्यांनी उलटं केलं. जे बारीक ते आधी. कठड्याच्या तारा, तोफा, डोलकाठी, जहाजावरची लहान होडी, सगळं नजर आहे तोवर करून थाळीत मांडून ठेवलं. पाणबुडीवर टाकायला पाण्यात फुटणारी पिंपं असायची त्या जहाजांवर, ती ह्यांनी डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्यांच्या टोपणांची केली. औषधं भरपूर, त्यामुळे पिंपंही भरपूर. धड सगळ्यात शेवटी, कारण सरळ पत्रा बोटांनी चाचपून कापता येतो, असं ह्यांचं म्हणणं होतं.

तोवर नजर इतकी आक्रसली की ह्यांना एका वेळी बोटभर जागा दिसायची, त्यापलीकडे काही नाही. जोडांवर कथील वितळवून सोल्डर मारायच्या वेळी मी शेजारी उभी. "डावीकडं, अवो, डावीकडं! बोट भाजाल!" माझं सगळं ध्यान ह्यांच्या बोटांवर. तरी भाजायचीच. मी फुंकर घालायची, शिव्या घालायची, हळद लावायची. काही वस्तू चित्रातल्यासारख्या बसल्या नाहीत, कुठली मागं सरकली, कुठली पलीकडच्या बाजूला गेली. मी सांगितलं, तर म्हणाले, "राहू दे. जपान्यांची तशी, माझी अशी."

बोट पुरी झाली. आमच्या दिवाणाच्या निम्म्या लांबीची, आतून पट्ट्या मारून भक्कम केलेली, वरून राखाडी. मग रोज दुपारी हे डोळे मिटून तिच्यापुढं बसायचे. टोकापासून हात सुरू व्हायचा आणि तोंडानं पुटपुटणं चालायचं, तोफ, पायरी, केबिन, डोलकाठी. मध्येच अडायचे, डोळे उघडून त्या बोटभर नजरेनं बघायचे, परत मिटायचे. मी वर्गात पाढे घोकून घेत असे, तसं हे स्वतःकडून घोकून घेत होते. अर्ध्याच्या पुढं काही पाठ झालं नव्हतं. घाई करा, मी म्हणायचे. आणि तेवढ्यात गणपती आले.

मुरबाडकडच्या गावी आमच्या थोरल्या दिरांकडे भावकीचा पाच दिवसांचा गणपती बसतो. देखावा करायचा तो ह्यांनीच, आमच्या लग्नाच्या आधीपासून. बांबू, कागद, केळीचा गाभा घेऊन कधी डोंगर, कधी किल्ला, कधी रथ. यंदा जाऊबाईंचा फोन आला, "भाऊजी, या सालाला काय?" हे काय सांगणार, दिसत नाय म्हणून? आणि मग माझ्याकडे न बघता बोलून गेले, "बोट पाठवतो. देवाच्या पुढ्यात ठेवा."

फोन ठेवल्यावर मी भांडले. आपटेल, चेमटेल, कुठं पाठवता? तर म्हणाले, "मी ही अख्खी एकदम कधी बघितलीच नाय गो. मला तुकडा तुकडा दिसते. कुणीतरी एकदा अख्खी बघू दे." पुतण्या टेम्पो घेऊन आला, गोधडीत गुंडाळून बोट घेऊन गेला. हे त्याला म्हणाले, "जपून ने." परत आणायचं बोलणं झालं नाही. आमच्या मते त्यात बोलायचं होतंच काय!

इथं आमच्या भावकीची एक रीत सांगायला हवी. देव ज्यावर बसला ते आसन देवाबरोबरच पाण्यात जातं. पाट असो, केळीचं खोड असो, परत घरात घेत नाहीत. म्हणून दर साली आसन नवं. आणि गणपतीसाठी गेलेली वस्तू परत येते हे आमच्या गावात कुणाच्या डोक्यातच येत नाही. ह्यांनी आजवर तिथं जे जे केलं ते नदीतच गेलं होतं. बोट पाठवताना हे ह्यांना सुचू नये? मलाही सुचलं नाही. देवाच्या पुढ्यात ठेवायची होती, देवाखाली नव्हे.

चतुर्थीला शहापूरहून मुरबाडची एसटी आलीच नाही. दुसरी मिळाली, पुढं जीप, असं करत आम्ही पोचलो तोवर पूजा, आरती सगळं आटोपलं होतं. जाऊबाई धावत अंगणात आल्या. ह्यांचा हात धरून आत घेऊन गेल्या. "भाऊजी, बगा देव कुठं बसवलाय! तुमच्या बोटीवर! एवढी मेहनत केलीत तुमी, तो डोळे दिल्याबिगर राहायचा नाय!"

मी बघितलं. धुराड्यापुढच्या मोकळ्या जागेत शाडूचा गणपती बसला होता. बोटीच्या चारी बाजूंनी झेंडूच्या माळा, दुर्वा, आंब्याची पानं, टोकाला पुतण्यानं लावलेला तिरंगा. हे अंदाजानं देवाकडे तोंड करून उभे राहिले, हात जोडले. मी कानाशी जाऊन काय काय लावलंय ते सांगितलं, तर तसेच हात जोडलेले ठेवून म्हणाले, "तिरंगा लावलाय? जपान्यांच्या बोटीवर? बरं केलं." आणि हसले. ते हसू मला बघवलं नाही.

मी जाऊबाईंना चुलीपाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. ही बोट कशासाठी होती, ह्यांच्या हाताला काय हवं होतं, सगळं. त्या ऐकत गेल्या आणि मोदकाची उकड हातातच राहिली. "अगो बाई! मला काय ठावं गो? दिली म्हंजी देवाला दिली, असंच नाय का वाटणार?" त्या इतक्या रडल्या की उलट मीच त्यांची समजूत काढली. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, पण रागावू कुणावर? ह्यांचे डोळे यावेत म्हणून त्या बाईनं देव तिथं बसवला होता.

थोरल्या दिरांकडे विषय काढला. बसवलेला देव मधेच उठवता येत नाही हे मलाही कळत होतं. मी म्हटलं, पाचव्या दिवशी उत्तरपूजा झाली की देव पाटावर घेऊ, पाट पाण्यात जाऊ दे, बोट राहू दे. दीर म्हणाले, "एका सालाला बापानं चौरंग राखला व्हता, शिसवाचा हाय म्हणून. त्याच सालाला बाप गेला. तू शिकलेली हायस, तुला नाय पटायचं. पण देवाला दिलेलं काढून घेतलं आन उरलीसुरली नजर पण गेली, तर मी माझ्या भावाला काय तोंड दाखवू?"

"ती तशीही जाणारच हाय," मी बोलून गेले. असं अभद्र तोंडातून काढायचं नसतं, तेही देवाच्या घरात.

"जाऊ दे गो," हे म्हणाले. "दादा बरोबर बोलतो. उद्या काय झालं तर वहिनी जन्मभर स्वतःला लावून घेईल." आणि विषय संपला.

पुढचे दिवस हे देवापुढून हलले नाहीत. सकाळी आंघोळ करून जे मांडी घालून बसायचे ते जेवणापुरते उठायचे. दोन्ही हात झेंडूच्या माळांखाली घातलेले, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. दर्शनाला येणाऱ्या बायका एकमेकींना म्हणायच्या, "केवढी भक्ती बाई! नाव घेतायत सारखं." मी ऐकायचे आणि दुसरीकडे बघायचे. हे नाव नव्हते घेत. तोफ, पायरी, केबिन, डोलकाठी, धुराडं. राहिलेलं पाठ करत होते. पण देव बसला होता मधोमध. त्याच्या खाली हात जात नव्हता, मागच्या बाजूला समया, नैवेद्याचं ताट, फळांची परडी. हात तिथवर पोचायचा आणि कुणीतरी म्हणायचं, "काका, समई हाय, भाजाल." हे हात मागं घ्यायचे आणि पुन्हा टोकापासून धरायचे.

पाचव्या दिवशी काळू नदीवर गेलो. पाऊस नव्हता, पाणी मात्र गढूळ आणि ओढीचं. चौघांनी देव बोटीसकट उचलून आणला. कमरेइतक्या पाण्यात गेल्यावर दिरांनी हाक मारली, "त्याला आणा. त्याची बोट हाय, त्याचा हात लागू दे." केवढा मान! मी ह्यांचा दंड धरून पाण्यात उतरले. ह्यांचा हात बोटीच्या कडेवर ठेवला. सगळे ओरडत होते, ढोलकी वाजत होती, आणि हे कड चाचपत बोटीच्या मागच्या अंगाला सरकत होते. पाच दिवस जिथं पोचता आलं नाही तिथं आत्ता पोचायची धडपड. मी दंड सोडला, म्हटलं पोचू दे. तेवढ्यात "मोरया" झालं आणि सगळ्यांनी एकदम हात काढले. ह्यांनी काढला नाही. बोट ओढीला लागली, हे तिच्याबरोबर दोन पावलं गेले, पुतण्यानं मागून कंबर धरली. "काका, सोडा! वाहून जाल!"

ह्यांनी सोडली.

"कशी गेली गो?" परत येताना विचारलं. मी सांगितलं, थोडी तरंगली, मग मागनं भरली, आणि देवासकट गेली. "मागनं?" म्हणाले. "म्हंजी मागचा जोड नीट मारला नव्हता मी." एवढंच.

घरी आलो आणि दिवाळीच्या आधी उरलेली नजर गेली. डॉक्टरीणबाईंनी थेंब चालू ठेवायला सांगितलं, ठणका लागू नये म्हणून. जाऊबाई फोन करतात आणि डोळ्यांचं विचारतात. मी म्हणते, आहे तसंच. दुसरी बोट करू, मी पत्रा धरते, असंही मी म्हणून बघितलं. ह्यांनी भाजलेली बोटं एकमेकांवर घासली आणि नको म्हणाले.

मग एका दुपारी बघते तर हे दिवाणावर बसलेले, आणि हात हवेत. टोकापासून सुरू करून सावकाश मागं चालले होते. तोफ, पायरी, केबिन, डोलकाठी, धुराडं. तिथं हात थांबला.

"धुराड्याच्या मागं काय होतं गो?"

मी भिंतीवरच्या चित्रापाशी गेले. "होडी दिसतेय," म्हटलं. "मग तोफ."

"ते जपान्यांचं झालं. माझ्या बोटीत काय होतं? ते मी दुसरीकडं बसवलं होतं."

मी फोन काढला. पुतण्यानं पाठवलेले सगळे फोटो बघितले. देव होता, झेंडू होता, जाऊबाई आरती ओवाळताना होत्या. बोटीची कडसुद्धा कुठं दिसत नव्हती. मग मी आठवायचा प्रयत्न केला. एवढे महिने ती माझ्या डोळ्यांसमोर झाली, माझे डोळे धडधाकट, आणि मला आठवत होती ती फक्त ह्यांची बोटं आणि सोल्डरचा धूर.

"मला नाय आठवत," मी म्हटलं.

"बरं," हे म्हणाले. हात परत टोकाशी नेला, पहिल्यापासून सुरू केलं, आणि धुराड्यापाशी येऊन थांबले.